राक्षसाचं म्हणणं

"फुकटचा साधा गेम आहे, मीच बनवलाय. आत्ताच बघ ना खेळून," लेक म्हणाली. संध्याकाळी तिच्या लग्नाची तारीख ठरवायला पाहुणे यायचे होते, तरी आईने जपमाळ बाजूला ठेवून माउस हातात घेतला.

पडद्यावर गुहेच्या तोंडाशी राक्षस आडवा आला. खाली दोनच बटणं: 'मारा' आणि 'बोला'.

"सगळे मारूनच पुढे जातात," खुर्चीमागून लेक म्हणाली.

"मुंगीही मारायची नाही, हे व्रत आहे माझं. विसरलीस?"

"नाही विसरले."

आईने 'बोला' दाबलं. राक्षसाने मान खाली घातली. पडद्यावर अक्षरं उमटली: 'आई, मला हे लग्न नकोय.'

आईने वळून न बघता पुन्हा 'बोला' दाबलं.