पट्ट्याचा आवाज

चौथं गाणं संपलं तरी वडिलांनी हेडफोन काढले नाहीत. स्टुडिओतल्या सोफ्यावर ते डोळे मिटून बसले होते.

गायक त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होता. अल्बमभर एकच गोष्ट होती, नऊ गाण्यांत सांगितलेली: एक घर, एक बाप, एक पोरगा. चौथ्या गाण्यात पोरगा भिंतीकडे तोंड करून उभा राहतो आणि मागून पट्ट्याचे सात फटके ऐकू येतात. बँडने ह्या अल्बमसाठी दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं. लोकांना आवडो न आवडो, गायकाला एकाच माणसाच्या तोंडून एकच शब्द ऐकायचा होता. चुकलं. तेवढ्यासाठी तो बापाला भरल्या ताटावरून उठवून घेऊन आला होता.

"कसं वाटलं, बाबा?" स्टेजवर कधी न कापणारा आवाज इथे कापला.

वडिलांनी हेडफोन नीट मांडीवर ठेवले. उभा जन्म त्यांनी गाड्यांच्या सीटा शिवण्यात घालवला होता.

"पट्टा कशावर मारलात?"

"ह्याच सोफ्यावर," ड्रमर म्हणाला.

"तरीच. वर रेक्झिन, आत स्पंज. पोकळ वाजतंय. अंगावर असा आवाज येत नाही. आधी बक्कल किणकिणतं, मग फटका."

एवढंच? गायकाच्या दोन वर्षांच्या मेहनतीवर एवढंच?

रेकॉर्डिस्टचे डोळे मात्र चमकले. दोन दिवस तो त्याच आवाजापायी डोकं धरून बसला होता.

"अगदी बरोबर बोललात, काका! करून दाखवता?" त्याने माइक जवळ ओढलासुद्धा.

वडील उठले. बक्कल किणकिणलं आणि पट्टा एका झटक्यात पँटमधून बाहेर आला. त्यांनी तो मुठीभोवती एकदा गुंडाळला.

"कशावर मारू?"

ड्रमर काहीतरी शोधायला वळला आणि जागीच थबकला.

कोपऱ्यात गायक भिंतीकडे तोंड करून उभा होता. छत्तीस वर्षांचा, दाढीत पांढरे केस आलेला. दोन्ही तळवे भिंतीला टेकवलेले. आपण तिथे कधी गेलो, हे त्याचं त्यालाही कळलं नसावं.

वडील हसले, अगदी कौतुकाने.

"बघा," ते रेकॉर्डिस्टला म्हणाले, "अजूनही सांगावं लागत नाही."