परतीचा ब्रेक

चौऱ्याहत्तर साली सात रस्त्यावरच्या मानसिंग मिस्त्रीनं रुद्रप्पा शेटच्या पिकअपचे मागचे ब्रेक महिन्यात तीनदा उघडले. तिन्ही वेळा लायनर जळून कोळसा. मिस्त्रीची पार अब्रू जायची वेळ आली.

"दुधनीला जाताना गाडी पाखरागत जाती," शेट कुरकुरले. "येतानाच जड व्हती, आन् मागनं जळका वास सुटतो."

"आता मीच येतो की संगं!" मिस्त्री इरेला पेटला.

सोमवारी शेटनी नेहमीप्रमाणं बायकोला, दाक्षायणीवैनींना, दुधनीत माहेरी सोडलं, बाजार उरकला आणि तिला घेऊन ते परत निघाले. वेस मागं पडली तशी गाडी जड झाली. पाठीमागं पोत्यांवर बसलेला मिस्त्री केबिनच्या मागच्या खिडकीतून पुढं डोकावला. शेटचं सगळं ध्यान रस्त्यावर. आणि शेजारी दाक्षायणीवैनींनी हँडब्रेकचा दांडा दोन्ही हातांनी गच्च धरून वर ओढलेला!

मिस्त्रीला हसू आवरेना.

"वैनी, गाडीचं एवढं भ्या वाटतंय व्हय?"

वैनींनी मागं सरत चाललेल्या दुधनीकडं एकवार बघितलं.

"जाताना न्हाय वाटत."