दुपारी दोनचं अर्धं मिनिट

राजकुमार नेहमी दुपारी येई, इंदूबाई घरी एकटी असताना. आज तो रविवारी सकाळी आला, आणि तिचा नवरा धर्मपाल दारातच बाज टाकून बसला होता. राजकुमारने पिशवीतून कागद काढला तशी इंदूबाई चुलीपासून उठून दाराशी आली.

"काका, तुमची सही लागते," राजकुमार म्हणाला. "अन् दोन-चार गोष्टी इचारायच्या हायेत. कंपनीले तुमच्या घरचा आकडा समजूनच नाई राह्यला."

राजकुमारची कंपनी टीव्हीवर कोण काय पाहतं ते मोजणारी. दीड वर्षापूर्वी त्यानेच इथल्या टीव्हीला मीटर जोडला होता आणि बदल्यात मालिका साठवून ठेवणारा सेट-टॉप बॉक्स दिला होता. मीटरच्या रिमोटवर माणशी एक बटन. टीव्हीसमोर बसलं की ज्याचं त्याने दाबायचं. एक नंबर धर्मपालचं, दोन इंदूबाईचं, तीन मैत्रेयीचं. पोरीला त्याचं भारी कौतुक. पाणी प्यायला उठली तरी आपलं बटन बंद करून जाई.

मग एक दिवस मैत्रेयी यवतमाळचा नर्सिंगचा कोर्स अर्ध्यावर टाकून, सिरियलमध्ये काम करायचं म्हणून मुंबईला निघून गेली. चिठ्ठी ठेवली, पत्ता नाही. त्या अ‍ॅडमिशनसाठी बापाने किती चपला झिजवल्या होत्या, ते सगळ्या वस्तीला माहीत होतं. धर्मपाल काठी घेऊन मुंबईला गेला, नऊ दिवस फिरला आणि हात हलवत परत आला. "सापडली असती तं तंगडं मोडून आणली असती," एवढंच बोलला. पोरीचा फोटो भिंतीवरून उतरला. तीन नंबरच्या बटनावर त्याने काळी चिकटपट्टी लावली. काठी मात्र दाराआड तशीच राहिली.

दिवाळीनंतर इंदूबाईला पोरगी दिसली. रात्री आठच्या मालिकेत. धर्मपाल मोरीवर हातपाय धूत होता म्हणून वाचलं. नायिका दवाखान्यात बेशुद्ध पडलेली, आणि तिच्या खाटेमागून सलाईनचा स्टँड ढकलत मैत्रेयी गेली. नर्सच्या कपड्यात. बापाने जे करायला पाठवलं होतं ते पोरीने शेवटी केलंच म्हणायचं, पण खोटं खोटं. इंदूबाईने झटकन बातम्या लावल्या.

तेव्हापासून त्या घरात आठला बातम्याच लागत. मालिका गुपचूप बॉक्समध्ये साठे. ते बोंडअळीचं साल होतं. इंदूबाई पहाटे सहाला कापूस वेचायला जाई, पण वेचायला उरलंच काय होतं, एक वाजता बाया घरी परत. धर्मपाल अकराला सायकलने राळेगावच्या जिनिंगवर गेलेला असे. दोन वाजता ती दार लावी, दोन नंबर दाबी आणि पोरगी पाही. जेमतेम अर्धं मिनिट. पुन्हा मागे, पुन्हा तेच. मनगट बारीक झालं का? पोटभर जेवते का? नायिका दोन महिने बेशुद्ध होती, आणि ती कधीच शुद्धीवर येऊ नये असं इंदूबाईला मनापासून वाटे.

भीती एकच. धर्मपालला ही मालिका दिसली तर पत्ता काढायला त्याला किती वेळ लागणार? त्यात हल्ली ती पहाटे निघताना तो रोज विचारू लागला होता, "अवं, केव्हा येशीन?" बावीस वर्षांच्या संसारात त्याने हे कधी विचारलं नव्हतं. रिमोटवरची चिकटपट्टीही सुटत चालली होती. इंदूबाई अंगठ्याने ती पुन्हा दाबून बसवी. बॉक्सही बिघडला असावा. कधी कधी नवा भाग लावला की थेट दवाखान्यापासूनच सुरू होई.

"ही आठची मालिका बंद होऊन राह्यली, काका," राजकुमार सांगत होता. "आठले कोणी पाह्यतच नाई. पण आता मागून पाह्यलेलं बी मोजतात. तुमच्या घरी मागून हेच चालते. एकच अर्धं मिनिट, पुन्हापुन्हा. चॅनलवाले इचारतात, त्यात असं हाये तरी काय?"

"चहा घेता का, भाऊ?" इंदूबाई घाईने म्हणाली. "तो डबा बिघडला हाये. आपोआपच चालते."

"सही कुठं करू ते सांग," धर्मपाल म्हणाला. "बाकीचं राहू दे."

त्याचा आवाज दबलेला होता. असा आवाज तिने एकदाच ऐकला होता, तो मुंबईला निघाला त्या दिवशी. तो उठला आणि त्याचा हात दाराआड गेला. काठी तिथेच होती. पण त्याने खुंटीवरचा चष्मा घेतला. महिन्यापूर्वीच करून आणलेला. तो कधी काही वाचत नसे, मग चष्मा कशाला, हे तिला तेव्हाही कळलं नव्हतं.

"दुपारी दोनले, दोन नंबर," राजकुमार कागदावर बोट ठेवून म्हणाला. "म्हणजे काकू. बरोबर ना?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. इंदूबाई सरकत सरकत त्या काठीसमोर जाऊन उभी राहिली. धर्मपालकडे पाहायची तिची हिंमत झाली नाही.

"पण दुपारचं तं कमीच हाये," राजकुमार म्हणाला. "खरं पाह्यणं सकाळी नऊले होते. रोज. तेच अर्धं मिनिट, वीस-वीस खेपा. अन् तेव्हा बटनं दोन दाबलेली असतात, काका. एक नंबर अन् तीन नंबर."