सत्तावीस अंशांपर्यंत

"हा तक्ता ड्रॉवरमध्ये असताना तो माणूस रोज इथे तासभर बसतो कशाला?" नव्या साहेबांनी विचारलं.

निर्मलाने तक्त्याकडे असं पाहिलं, जणू तो आत्ताच आभाळातून पडला होता. "मला नाय ठाऊक, साहेब. जुने साहेब काय बोलले नव्हते."

धडधडीत खोटं. जुन्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात तो तक्ता तिच्या हातात दिला होता आणि एव्हाना तिला तो पाढ्यांसारखा पाठ होता.

"आजपासून हाच वापरायचा. चिठ्ठी दोन मिनिटांत गेली पाहिजे," असं सांगून साहेब निघून गेले. अडीच वाजले होते. तीन वाजायला अर्धाच तास उरला होता.

मुरबाडच्या त्या वायर कंपनीत ती टेस्टिंगला होती. तांब्याच्या तारेवर चढवलेलं प्लास्टिक वीज किती अडवतं, ते मीटरवर मोजायचं, एवढंच काम. पण प्लास्टिकची एक खोड असते. गार असताना ते विजेला दाद देत नाही. तापलं की मात्र ढिलं पडतं. मशीनमधून नुकती निघालेली चांगली वायरसुद्धा गरम असताना मोजली तर नापास होते. म्हणून आकडा धरायचा तो सत्तावीस अंशांचा. त्याला दोन वाटा. वायरीचं वेटोळं पाण्याच्या टबात ठेवून सगळं सत्तावीसवर येईपर्यंत थांबायचं. नाहीतर आहे तशीच मोजायची आणि जितके अंश असतील त्यांच्यापुढे तक्त्यात जो आकडा असेल, त्याने गुणायचं.

निर्मलाने दोन वर्षं पहिली वाट धरली होती. कारण दुपारी तीनला वेटोळं घेऊन वायरीच्या मशीनवरचा साईनाथ यायचा आणि पास-नापासची चिठ्ठी मिळाल्याशिवाय त्याला परत जाता येत नसे.

उन्हाळा तिला फार आवडायचा. लोक मुरबाडच्या उन्हाला शिव्या घालत आणि ही मनातल्या मनात त्याला दुवा देई. टबातलं पाणीच पस्तीस अंशांवर असायचं. मग ती माठातलं पाणी पेल्याने ओतत बसायची, तेही एखाद्या रोपट्याला घालावं तितक्या हळू. थंडी मात्र तिची वैरीण. डिसेंबरात वायर बघता बघता गार होई. तेव्हा साईनाथ वेटोळं गोणपाटात घट्ट गुंडाळून आणायचा. धूळ बसू नये म्हणून, असं तो सांगे. किती टापटिपीचा माणूस, असं निर्मलाला वाटायचं.

बोलणं तरी काय व्हायचं? टोकावड्याची गाडी आज उशिरा आली का, भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजून झाला का, डब्यात काय होतं. तो किन्हवलीचा, घरची भातशेती. ती टोकावड्याबाहेरच्या वाडीवरची. तिच्या घरी जमीन म्हणून तुळस लावण्यापुरतीही नव्हती. बाहेर कुठे हे दोघं एका बाकावर दिसले असते, तर दोन्ही गावांत बोंब झाली असती. त्यांना बसायला साऱ्या जगात ती एकच खोली होती आणि तोच एक तास होता.

त्या तासासाठी तिने काय काय केलं होतं! कंपनीत सगळ्या बाया त्याला साईनाथदादा म्हणत. निर्मलाने दोन वर्षांत त्याला कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती. राखीपौर्णिमेला कंपनीत राख्यांचा नुसता सुकाळ व्हायचा आणि निर्मलाला दर वर्षी नेमका त्याच दिवशी ताप भरायचा.

तीन वाजले. साईनाथ आला, वेटोळं टेबलावर ठेवलं आणि सवयीने स्टूल ओढायला वाकला.

"आजपास्न थांबायचं नाय," निर्मला म्हणाली. "साहेबांनी तक्ता दिलाय."

तो वाकलेला सरळ झाला. "बरं," एवढंच म्हणाला.

तिने वायरीचे अंश पाहिले, मीटर लावला, गुणाकार केला. आकडा चांगला आला. तिने चिठ्ठी लिहिली, ती त्याने घेतली. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून चार मिनिटं झाली होती. उद्याही चारच मिनिटं होतील, परवाही, आणि मग एक दिवस त्याच्या लग्नाचे पेढे या टेबलावर येतील. साईनाथ दारापाशी पोचला होता. तिला वाटलं, आता नाही बोलले तर जन्मभर बोलणार नाही.

"ऐका," ती म्हणाली. "साहेबांनी आज नाय दिला तक्ता. पयल्यापास्न माझ्याच ड्रॉवरमधी व्हता. थांबायची गरजच नव्हती. मीच तुमाला दोन वरसं बसवून ठेवलं."

तो पाठमोराच उभा राहिला. या बसण्यापायी त्याने फोरमनची किती बोलणी खाल्ली होती, ते तिला माहीत होतं. एकदा तर चांगल्या मशीनवर जायची संधीही हुकली होती. आता तो चिडेल, आरडाओरडा करेल, साऱ्या कंपनीत सांगेल. तिने डोळे गच्च मिटून घेतले.

स्टूल ओढल्याचा आवाज आला. तिने डोळे उघडले, तर साईनाथ समोर बसला होता. चिठ्ठी त्याने बाजूला ठेवली होती आणि तो कानांपर्यंत लाल झाला होता.

"असलाच तक्ता आमच्या मशीनवर पन चिकटवलाय गो," तो म्हणाला. "मी कामाला लागायच्या आधीपास्न."