चिपळ्यांमागचा तबला

“ताई, तुम्ही परत पुढे गेलात,” जोया म्हणाली आणि तिनं रेकॉर्डिंग थांबवलं.

सत्यशीलाताईंनी हेडफोन कानांवरून मानेवर घेतला. “मी नाही गं, कृष्ण पुढे गेला. दारात सुदामा उभा आहे म्हटल्यावर तो सिंहासनावरून उठून धावणार, की तुझ्या या हेडफोनमधल्या टिकटिकीची वाट बघत बसणार?”

“धावू दे ना. पण तबला मागे राहतो.”

शनिवार पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरची ही खोली म्हणजे जोयाचा स्टुडिओ. भिंतींना गाद्या, खिडकीला रजई, पंखा बंद. रेकॉर्डिंग असलं की स्वयंपाकघरात आईचा कुकरही बंद. मधोमध कीर्तनकार ताई नऊवारीत घामाघूम उभ्या. सोफ्यावर रंगराव, त्यांचे तबल्याचे साथीदार. चैत्रात अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला होता.

तरी आजच्या कीर्तनात तबला त्यांचाच होता. गेल्या वर्षी जोयानं इथंच त्यांचे सगळे ठेके रेकॉर्ड करून ठेवले होते. ते कॉम्प्युटरवरच्या एका प्रोग्रॅममध्ये, ताईंचा आवाज दुसऱ्यात. दोन्ही प्रोग्रॅम तिनं एकमेकांना जोडले होते, म्हणजे एकानं लय धरायची आणि दुसऱ्यानं ती पाळायची. चार दिवस खपून जोडणं जमलं होतं. कीर्तन जमत नव्हतं.

उद्या सकाळी रेकॉर्डिंग उत्सवाच्या मंडळींकडे जायचं होतं. दुपारपर्यंत झालं नाही, तर संध्याकाळी दुसरा तबलजी यायचा होता. त्याला फोन ताईंनीच केला होता, आणि रंगरावांसमोर केला होता.

“एकदा टिकटिक धरूनच म्हणून बघा,” जोया म्हणाली.

ताईंनी म्हटलं. सुदामा आला, कृष्ण उठला, धावला, मिठी पडली. एक मात्रा इकडची तिकडे झाली नाही.

मग रंगराव म्हणाले, “छान. दोघंही एकाच चालीनं. सारसबागेत सकाळी फिरायला निघाल्यासारखे.”

ताई हसल्या नाहीत. “रंगराव, मग त्या दुसऱ्या तबलजीला बोलावू?”

“बोलवा. चांगला वाजवतो तो.” त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. “जोया, एक सांग मला. तुझ्या या दोघांत पुढे कोण चालतं?”

“तबला, काका. तबला मास्टर. आवाजाचा प्रोग्रॅम त्याच्या मागे.”

“अस्सं. चाळीस वर्षं वाजवला, मला कधी कुणी मास्टर म्हटलं नाही.” रंगराव जरा पुढे झुकले. “अगं, कीर्तनात ताई देवाच्या मागे आणि तबला ताईंच्या मागे. तू दोघांनाही तबल्याच्या मागे लावलंस. देवालासुद्धा.”

“पण ताईंची लय त्याला कळणार कशी? त्या मध्येच गातात, मध्येच बोलतात, मध्येच गप्प होतात.”

“मला कशी कळायची?”

जोयानं ताईंच्या तोंडाकडे बघितलं.

“मी त्यांच्या तोंडाकडे कधी बघितलंच नाही. हाताकडे बघायचो. आणि तू सकाळी आल्या आल्या त्यांच्या हातातल्या चिपळ्या काढून ठेवल्यास.”

चिपळ्या कपाटावर होत्या. माइकमध्ये फार वाजतात म्हणून तिनंच ठेवलेल्या. ताईही मुकाट्यानं देऊन बसल्या होत्या. स्टुडिओची रीत असेल म्हणून.

जोयानं त्या उतरवून ताईंच्या हातात दिल्या. चिपळ्यांपुरता वेगळा छोटा माइक लावला. मग कॉम्प्युटरसमोर बसून तिनं दोन्ही प्रोग्रॅमचं नातं उलटं केलं. चिपळ्या ऐकून आवाजाच्या प्रोग्रॅमनं लय धरायची, तबल्यानं त्याच्या मागे यायचं. टिकटिक तिनं कायमची बंद केली.

ताईंनी चिपळी वाजवली आणि तबला दुप्पट वेगानं सुटला.

“हा सुदामा पोहे घेऊन पळाला,” रंगराव म्हणाले.

जोयानं एक आकडा निम्म्यावर आणला. “परत, ताई. तुम्ही आमच्याकडे लक्षच देऊ नका.”

ताईंनी डोळे मिटले. सुदामा आला. फाटकं उपरणं, पायांत भेगा, द्वारपालांचं हसू. चिपळ्या जड पडत होत्या आणि तबला तेवढाच जड पडत होता. मग आत निरोप गेला. कोण आलंय ते कृष्णाला कळलं, आणि ताईंचा हात सुटला. पडद्यावरचा लयीचा आकडा चढू लागला. नव्वद, एकशेदहा, एकशेचाळीस. जोयानं माउसवरून हात काढून घेतला. मिठीच्या आधी ताई नेहमी लय कणभर ओढून धरत; तशी त्यांनी धरली. तबलाही थबकला. श्वासभर थबकला आणि ताईंबरोबर समेवर येऊन पडला.

ताई थांबल्या नाहीत. नामाचा गजर सुरू झाला.

रंगराव सोफ्यावरून उठले. डाव्या हातानं भिंत धरत, गुडघे मोडत सतरंजीवर उतरले आणि ताईंच्या उजव्या बाजूला मांडी घालून बसले, पाठ ताठ, मान किंचित तिरकी, ताईंच्या हाताकडे बघत.

ताईंचे डोळे मिटलेलेच होते. चिपळ्या न थांबवता त्या अर्धं पाऊल डावीकडे सरकल्या, तबल्याची जोडी मावेल एवढी जागा सोडून.