उपासाची गोळी

नवरात्र आणि सोयाबीनची सोंगणी एकदमच आली. आईची कंबर धरली, तेव्हा तिने घाटंजीच्या मेडिकलवाल्याला एवढंच विचारलं, “भाऊ, ही दुखण्याची गोळी उपासाले चालते का?” त्याने पाकीट उलटून बारकाईने वाचलं. “बिनधास्त घ्या काकू, यात कांदा-लसूण नाही.” आई रोज रिकाम्या पोटी गोळ्या गिळून वावरात वाकत राहिली. अष्टमीला तिला रक्ताची उलटी झाली. डॉक्टर म्हणाले, “या गोळ्या उपाशीपोटी घेतल्याने पोटात जखम झाली. रक्त चढवलं नाही तर जीव जाईल.” रक्ताची पिशवी आणली, तसा आईने हात पदराखाली लपवला. “रक्त देणाऱ्यानं सकाळी काय खाल्लतं?” पिशवीतलं रक्त माझंच होतं. रक्त उपाशीपोटी देता येत नाही, म्हणून नर्सबाईंनी मला आधी आम्लेट-पाव खायला लावला होता. “भगर,” मी म्हणालो. आईने सावकाश हात पुढे केला. “मीठ सेंधंच टाकलं ना?”