वेगळा व्हिसा

बँकेतल्या बाईंनी बोट ठेवलं तिथे मास्तरीणबाईंनी सही केली, आणि लगेच त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

नव्या देशात नवं घर, तेही त्यांच्या नावावर. खातंसुद्धा त्यांचंच. मुलाचं नाव कुठेच नाही. असं का, हे त्यांनी विचारलं, तेव्हा बँकेतल्या बाई तिथल्या भाषेत बराच वेळ बोलल्या आणि मुलाने ते एका वाक्यात उरकलं.

"ज्याचं इथलं राहणं पक्कं, त्यालाच घर घेता येतं म्हणतात."

एवढ्या मोठ्या भाषणाचं एवढंसं भाषांतर ऐकून त्या आणखीच गोंधळल्या. तशी अढी जुनीच होती. सून गेल्यावर घर आणि नात सांभाळायला त्या गावचं घर विकून इथे आल्या, तर मुलाने आपल्या व्हिसावर कुटुंबात त्यांचं नाव घातलं नाही. त्यांच्या पेन्शनवर वेगळा व्हिसा काढला. पोटच्या पोराने आईला वेगळं काढलं, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

हल्ली तर तो दिवसभर घरीच असायचा. म्हणायचा, काम घरूनच चालतं. पण काम कसलं, तो यांच्याच मागे लागलेला. वॉशिंग मशीन लावून दाखव, गॅसचा कॉक बंद कर, नातीच्या शाळेची बस कुठे थांबते सांग.

"परीक्षा घेतोस का माझी?"

"हो. आणि तुला पास व्हायलाच हवं."

एटीएमसमोर त्यांची भंबेरी उडाली. आकडा चुकला, पुन्हा चुकला, मशीनने कार्ड गिळलं. मुलगा कपाळाला हात लावून बाकावर बसला. आता याला निमित्त मिळालं, त्यांना वाटलं. आईला इथे काही जमत नाही म्हणेल आणि देईल परत पाठवून. पण परत जायचं कुठे? तिकडे आता पाय टेकायलाही जागा नव्हती.

दोन दिवसांनी हॉलमध्ये बॅग दिसली.

"उद्या दुपारी विमानतळावर जायचंय," मुलगा म्हणाला. नातीचे डोळे सुजले होते. निदान पोरीला तरी माया आहे, असं म्हणत मास्तरीणबाईंनी आपले कपडे पिशवीत भरले. कोणी जायचं, हे त्यांनी विचारलं नाही. उत्तर ऐकायचा धीर नव्हता.

विमानतळाच्या दारात पहारेकऱ्याने पासपोर्ट मागितला. रडायचं नाही, असं घोकत आलेल्या मास्तरीणबाईंनी आपला पासपोर्ट मुकाट्याने पुढे केला.

मुलाने तो मधल्यामध्ये घेतला, त्यांच्या पिशवीत परत ठेवला आणि नातीचा हात त्यांच्या हातात दिला.

"माझी नोकरी गेली, तसा व्हिसाही गेला, आई. हिला शाळेचा व्हिसा मिळालाय; शाळा संपेपर्यंत आता तूच हिचं घर," तो म्हणाला आणि बॅग उचलून एकटाच आत गेला.